डास खाऊन दाखव!

चतुर बोलतेय मी. बोलतोय नव्हे, बोलतेयच. पाण्यावर भिरभिरणारं चार पंखांचं काही दिसलं की तुम्ही त्याला हेलिकॉप्टर म्हणता, शेपटीला दोरा बांधता. तो नर की मादी, हे विचारायची कधी कुणाला गरज वाटत नाही. मी मादी.

जन्म घाटकोपरचा. एका चार मजली सोसायटीच्या आवारात सिमेंटची टाकी होती, तिच्यात लवूकाकांनी कमळ लावलं होतं. कंद आणि चिखल त्यांनी आरे कॉलनीतल्या तळ्यावरून बादलीत आणला होता. बस कंडक्टरशी भांडून, असं ते सगळ्यांना सांगायचे.

माझं बालपण पाण्याखाली गेलं. तेव्हा मला पंख नव्हते. मातकट अंग, सहा पाय, आणि खालचा ओठ असा की तो हातासारखा पुढे फेकून भक्ष्य पकडता यायचं. भक्ष्य म्हणजे डासांच्या अळ्या. त्या वळवळत वरून खाली यायच्या आणि आम्ही भावंडं त्यांच्यावर तुटून पडायचो. यात समाजसेवा वगैरे काही नव्हती. भूक होती.

पण लवूकाकांना ती समाजसेवा वाटली. ते मूळचे मालवणकडचे. परळच्या गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर इकडे मुलाकडे आले. सकाळी स्टूल टाकून, हातात भिंग घेऊन टाकीपाशी बसायचे आणि मध्येच ओरडायचे, "खाल्ल्यान गो, खाल्ल्यान! आख्खी खाल्ल्यान!"

हे त्यांची सून श्रुतिका हिला उद्देशून असायचं. ती नेमकी तेव्हा डबा घेऊन बँकेत निघालेली असायची.

"बाबा, मी आत्ताच नाश्ता केलाय ना!" असं म्हणायची, पण वाकून बघायची. आमचे फोटो काढून तिने मैत्रिणींना पाठवले होते. 'बाबांचे पैलवान' म्हणे.

एका पहाटे मी कमळाच्या देठावर चढले. पाठ उकलली, जुन्या कातडीतून बाहेर आले, पंख वाळायची वाट बघत लोंबकळत राहिले. त्या वेळी आम्हाला कुणीही खाऊ शकतं. लवूकाका छत्री उघडून कावळ्यांना हाकलत उभे होते. पेपरवाला हसला. काका हलले नाहीत. पुढे मी हवेत वर गेले तेव्हा त्यांनी टाळ्या वाजवल्या. माणसांकडून मला मिळालेलं चांगलं एवढंच, म्हणून सांगितलं.

थोड्याच दिवसांत श्रुतिका तापाने फणफणली. डेंग्यू निघाला. प्लेटलेट उतरत गेल्या तशी तिला हॉस्पिटलात ठेवली. लवूकाकांचा मुलगा सुबोध रात्रंदिवस तिथेच. इकडे सोसायटीत सगळ्यांची बोटं टाकीकडे वळली.

"काका, मी तुम्हाला आधीच बोललो होतो," सेक्रेटरी चैतन्य म्हणाला. "साठलेलं पाणी म्हणजे डास. सिंपल आहे."

"अरे, हे चतुर डास खातत! एक अळी रवाक देनत नाय त्या पाण्यात!"

"मग दाखवा ना. रविवारी मीटिंग आहे, सगळ्यांसमोर दाखवा."

कावेबाज माणूस असता तर हसून निघून गेला असता. लवूकाका भोळे. त्यांनी रविवारी सकाळी मला देठावरून अलगद उचललं, पंख दोन बोटांत धरून, आणि सोसायटीच्या ऑफिसात टांगलेल्या मच्छरदाणीत सोडलं.

आता डास हवेत. वर्षभर डासांच्या नावाने बोंबलणाऱ्या त्या बिल्डिंगमध्ये त्या सकाळी एक डास मिळेना. मीटरच्या खोलीत शोधून शेवटी बरणीत चार-पाच मिळाले. तेही मच्छरदाणीत आले आणि कोपऱ्यात चिकटून बसले.

मीही बसले. काय करणार होते? आम्ही उन्हात शिकार करतो, मोकळ्या हवेत, उडत्या कीटकाची. इथे ट्यूबलाइट, चहूबाजूंनी जाळी, आणि जाळीला लागलेले चेहरे.

"खा," लवूकाका हळूच म्हणाले. "खा गो बाय. माझ्यासाठी खा."

"उपास असेल त्याचा," तिसऱ्या मजल्यावरचे नाना म्हणाले. सगळे हसले.

"चहा-बिस्कीट मागवू का, काका?" चैतन्य म्हणाला. पुन्हा हसले. लवूकाकाही हसले, आणि भिंग पुन्हा जाळीला लावून बघू लागले.

मग हात वर झाले. टाकी फोडायचं ठरलं. लवूकाकांनी मच्छरदाणी उचलून मला खिडकीबाहेर सोडलं.

दुपारी घण पडले. पाणी फरशीवर पसरलं आणि त्याबरोबर माझी भावंडं. अजून पंख न फुटलेली, उन्हात ओठ फेकत पडलेली. लवूकाका चहाची गाळणी घेऊन एकेकाला बादलीत टाकायला लागले.

"काका, परत तेच?" म्हणत चैतन्यने बादली गटारात ओतली. रागाने नव्हे, अगदी सहज. मी भिंतीवरून बघत होते.

दोन दिवसांनी पालिकेची बाई तपासणीला आली. मी तळमजल्यावरच्या लवूकाकांच्या खिडकीच्या ग्रिलवर बसले होते. आत श्रुतिका नुकतीच घरी येऊन झोपली होती. तिच्या उशाशी खिडकीत मनी प्लँटची बाटली होती, तिनेच हौसेने रंगवलेली. बाईने ती उजेडात धरली.

"आजोबा, हे बघा. अळ्यांनी भरलंय आतमध्ये. इथेच चावला असणार."

लवूकाकांनी बाटलीकडे पाहिलं, मग झोपलेल्या सुनेकडे.

"ओतून टाक," ते कुजबुजले. "आणि कोणाक सांगा नको. तिका तर नकोच. जीव खाईल स्वतःचो. सगळे माका बोलतत, बोलूंदे."

बाई मान हलवून गेली. बाटली रिकामी झाली, आरोप आमच्यावर राहिला. सुनेसाठी त्यांनी आमचं नाव घालवलं. त्यांना दोष देता येत नाही, याचाच मला जास्त राग येतो.

आता टाकीच्या जागी पार्किंग आहे. तिथे चैतन्यची नवी काळी गाडी उभी असते. मी अंड्यांनी जड झालेय. नाल्यावर तेलाचा तवंग, बांधकामाच्या खड्ड्यात औषध. आणि इथे खाली ते काळं, सपाट, लखलखतं पाणी. पाण्यावरून चमकतो तसाच उजेड त्याच्यावरून चमकतो, आणि आमची जात उजेडावरून पाणी ओळखते. शेपूट टेकवली तर चटका बसतो. तरी पुन्हा टेकवते. चतुर हे नाव आम्हाला कुणी ठेवलं, त्याला एकदा भेटायचंय.

"अगो, पाणी न्हय ता, गाडी आसा!" लवूकाका टॉवेल उडवत मला हाकलत होते. मी भिंतीवर जायचे आणि ते दमून बसले की परत यायचे. बहुतेक अंडी तिथेच टाकून झाली.

आज सकाळी चैतन्य फडकं घेऊन आला.

"काका, बॉनेटवर हे काय चिकटलंय बारीक बारीक?"

लवूकाकांनी जवळ जाऊन बघितलं. भिंग लावून बघितलं. मग म्हणाले, "धूळ असेल. पूस."

फडकं ओलं होतं. माझ्या अंड्यांना पाणी लागलं ते तेवढंच.