चार पांढऱ्या गोट्या

मित्रांनो, मी एक जुनी मतपेटी आहे. निवडणुकीत असते ती नव्हे. तिच्यात मतपत्रिका पडतात आणि तिच्या पहाऱ्याला पोलीस असतात. माझ्यात गोट्या पडत, आणि माझ्या दिमतीला होतं फक्त एक पुसायचं फडकं. तरी सांगते, या भागातल्या कितीजणांची औषधं, चष्मे आणि शाळेची फी माझ्या पोटात ठरली, याची त्या मोठ्या पेट्यांना कल्पनाही यायची नाही.

एका सुताराने मला जाड लाकडातून घडवलं. समोर हात जाईल एवढं गोल भोक, वर घट्ट बसणारं झाकण आणि आतून मखमल. मखमल अशासाठी की गोटी पडल्याचा आवाज होऊ नये. ही कल्पना न्यास स्थापन करणाऱ्या लाकडाच्या व्यापाऱ्याची. आसपासच्या गावांनी मिळून मोठी रक्कम उभी केली होती. मूळ ठेव जपून गुंतवायची आणि येईल त्या व्याजातून गरजूंना द्यायचं, एवढं साधं काम. पण व्यापारी आपली माणसं ओळखून होता.

"आपण सगळे भिडस्त," तो म्हणाला होता. "कुणी कुणाचा व्याही, कुणी कुणाचं गिऱ्हाईक. तोंडावर नाही म्हणायची वेळ आली की आपली जीभ टाळूला चिकटते. म्हणून ही पेटी."

पैसा कुठे गुंतवायचा हा प्रश्न आला की प्रत्येक विश्वस्ताला एक पांढरी आणि एक काळी गोटी मिळे. मूठ मिटून हात माझ्यात घालायचा, एक गोटी सोडायची आणि उरलेली तशीच झाकून थैलीत टाकायची. एक जरी काळी निघाली तरी बेत रद्द. ती कुणाची, हे विचारायचं नाही. मला मात्र सगळं कळायचं. मखमलीवर टेकलेली बोटं माणसाच्या चेहऱ्यापेक्षा खरं बोलतात.

पहिली काळी गोटी पडली ती खुद्द त्या व्यापाऱ्याच्या जावयाच्या कारखान्यासाठी. व्यापाऱ्याने ती चिमटीत धरून सगळ्यांना दाखवली आणि पोट धरून हसला. जावयाला त्याने सांगितलं, "मी काय करणार? पेटी नाही म्हणाली." पुढे तो कारखाना बुडाला तेव्हा माझं कौतुक झालं. मला पॉलिश झालं, पाहुण्यांना दाखवलं गेलं. खोटं कशाला बोलू, मी थोडी फुगलेही होते.

मग माणसं बदलत गेली. अलीकडच्या मंडळात चौघं होते. अध्यक्षबाई आयुष्यभर दवाखाना चालवून निवृत्त झालेल्या. वकीलसाहेब कागदाचा कोपरा न् कोपरा वाचणारे. मास्तर शाळेतून निवृत्त झालेले आणि सगळ्यांत सावध. चौथे खजिनदार, त्यांना सगळे भाऊ म्हणत. चौघंही सज्जन, एकमेकांना जपणारे. त्यांच्या काळात काळी गोटी क्वचितच निघे. पेटी फिरवायची, पांढऱ्या मोजायच्या आणि चहा सांगायचा, असं होऊन बसलं होतं.

व्याजातला मोठा वाटा सिस्टरकडे जाई. सिस्टर म्हणजे एक परिचारिका. गाडी घेऊन ती गावोगाव फिरायची आणि अंथरुणाला खिळलेल्यांची घरी जाऊन सेवा करायची. कामाचा अहवाल द्यायला ती बैठकीला आली की एका शिंप्याचं नाव हमखास निघे. छपरावरून पडल्यापासून त्याचं कमरेखालचं अंग गेलं होतं. पडून पडून पाठीला जखमा झाल्या होत्या आणि त्यांना सतत मलमपट्टी लागे. "शिंपीकाका आता कुशीवर वळून बटणं लावतात," ती एकदा म्हणाली. "तुम्हाला निरोप दिलाय, न्यासवाल्यांची बटणं तुटली तर पाठवा म्हणून. आणि म्हणाले, सिस्टर, तुम्ही येताय तोवर मी आहे." सगळे हसले होते.

एके दिवशी भाऊंनी एक प्रस्ताव आणला. त्यांचा मेव्हणा दुकानं आणि गोदामं बांधणारी कंपनी काढत होता. बँकेतल्या ठेवी मोडून तिकडे ठेवल्या तर दुप्पट व्याज मिळणार होतं. भाऊंनी सगळं मान खाली घालून वाचून दाखवलं. कुणी फारसं काही विचारलं नाही. मला पुढे सरकवलं गेलं.

वकीलसाहेबांचा हात आधी आला. त्यांच्या चिमटीत काळी होती. ती थोडा वेळ तशीच राहिली, मग बोटं फिरली आणि पांढरी पडली. मग मास्तर आले. त्यांनीही आधी काळीच चाचपली. अध्यक्षबाईंची काळीही मखमलीला टेकून मागे फिरली. शेवटी भाऊ. मित्रांनो, त्यांनीसुद्धा काळी पुढे आणली होती. मी मनातल्या मनात ओरडत होते, सोडा, सोडा ती. पण लाकडाला तोंड नसतं.

झाकण उघडलं तेव्हा चौघंही माझ्यावर वाकले. अध्यक्षबाईंनी हात घालून माझे कोपरे पुन्हा एकदा चाचपले. चारही पांढऱ्या होत्या.

"एकमत झालं म्हणायचं," वकीलसाहेब हळूच म्हणाले. कुणी कुणाचं अभिनंदन केलं नाही. त्या दिवशी चहा आला तो तसाच निवून गेला.

सुरुवातीला व्याज भरभरून आलं. सिस्टरच्या गाडीला नवे टायर बसले. मग हप्ते लांबले, मग थांबले आणि एका सकाळी कंपनीच्या दाराला कुलूप दिसलं. मेव्हणा फोन उचलेना. लोकांनी वर्षानुवर्षं जपलेली ठेव गेली. सिस्टरच्या गाडीत डिझेल घालायलाही पैसे उरले नाहीत. जवळच्या घरी ती चालत, बसने जाऊ लागली. शिंपीकाकांचं घर लांब होतं, तिथे बस जात नव्हती.

सिस्टर बैठकीला आली ती बसलीच नाही.

"मला एवढंच सांगा," ती म्हणाली, "तुमच्यापैकी एकालाही शंका आली नव्हती?"

वकीलसाहेबांनी समोरची फाईल मिटली. मग म्हणाले, "आली होती. पण मला वाटलं, मास्तर सावध आहेत, ते काळी टाकतीलच."

"मला त्यातलं काय कळतंय?" मास्तर म्हणाले. "म्हटलं, तुम्ही कागद वाचलेत, तुम्ही टाकाल."

अध्यक्षबाई टेबलाकडे बघत म्हणाल्या, "भाऊंच्या घरचं प्रकरण. मी टाकायची आणि त्यांना वाटायचं, बाईंचा आपल्यावर विश्वास नाही. ते काम तुमच्यावर सोडलं मी."

भाऊ म्हणाले, "मेव्हणा रोज घरी येऊन बसायचा हो. बायकोच्या भावाला नाही कसं म्हणू? म्हटलं, इथे आणू. पेटी नाही म्हणेल आणि मी सुटेन. तुम्ही तिघं असताना एक तरी काळी पडेल, याची मला खात्री होती."

सिस्टर एकेकाकडे बघत राहिली. "म्हणजे चौघांनाही नकोच होतं," ती म्हणाली. "शिंपीकाकांच्या घरून काकू मला फोन करतात. मी काय सांगू त्यांना? असं सांगू?"

त्या क्षणी मला माझ्या मखमलीचीही लाज वाटली. ज्या भिडेवर उपाय म्हणून मला केलं, त्याच भिडेने माझ्यात बिऱ्हाड केलं होतं.

अध्यक्षबाई म्हणाल्या, "न्यासाची ही इमारत विकू या. गाडी चालू झाली पाहिजे." वकीलसाहेबांनी सवयीने माझ्याकडे हात नेला. बाईंनी मला बाजूला सरकवलं. "नको. आता तोंडाने बोला." आणि चौघं एकामागून एक मोठ्याने 'हो' म्हणाले. मास्तरांना ते दोनदा म्हणावं लागलं, पहिल्यांदा आवाजच निघाला नाही.

पण इमारत म्हणजे काही पावशेर साखर नव्हे, की मागितली आणि पुडी बांधून मिळाली. परवानग्या, सह्या, गिऱ्हाईकाची घासाघीस यात महिने गेले. सामान हलवताना सिस्टरने मला उचललं. "झाकण घट्ट आहे, पट्ट्या आणि कापूस ठेवायला बरी," ती म्हणाली. अशी मी तिच्या गाडीत आले.

गाडी पुन्हा सुरू झाली त्या दिवशी आम्ही सर्वांत आधी शिंपीकाकांच्या गल्लीत गेलो. सिस्टर मला काखेत घेऊन घाईघाईने पायऱ्या चढली. काकूंनी दार उघडलं. आतली खाट उभी करून भिंतीला लावलेली होती. सिस्टर उंबऱ्यातच उभी राहिली. काकू रागावल्या नाहीत. त्यांनी एक खुर्ची पुढे केली.

"ये, बस जरा," त्या म्हणाल्या. "आता घाई नाही."

मित्रांनो, आत्मवृत्त सांगणारे शेवटी म्हणतात, आम्हाला जपा. मी तसं म्हणणार नाही. मला पॉलिश नको, काचेचं कपाटही नको. माझं एवढंच मागणं आहे, की तुमच्या मनात 'नाही' असेल तेव्हा ते मोठ्याने म्हणा. शेजारचा म्हणेल म्हणून थांबू नका. तो तुमच्या तोंडाकडे बघत थांबलेला असतो.