रेग टॉलंडचा डावा पाय

मी साचा बोलतोय. ज्यावर कातडं ताणून बूट घडवतात तो, डाव्या पायाच्या आकाराचा. मूळ बीच झाडाच्या लाकडाचा, पण अंगावर कातड्याची आठ ठिगळं आहेत. हसायचं तर आत्ताच हसून घ्या.

आमचं कॉर्डवेल म्हणजे बुटांचा कारखाना, शुक्रवारचा बाजार आणि शनिवारचा फुटबॉल. रेग टॉलंड कारखान्यात कातडं कापायचा आणि गावच्या संघात बचावाला खेळायचा. त्याचे बूट कारखान्यातलीच मेविस घडवायची. त्यासाठी तिने मला त्याच्या पायाबरहुकूम तासून घेतलं. तेव्हा मी गुळगुळीत होतो. माझा उजवा भाऊ शेवटपर्यंत तसाच राहिला, कारण रेग सगळ्या टकरी डाव्या पायावर घ्यायचा.

पहिल्याच हिवाळ्यात त्याची करंगळी मोडली आणि वाकडी सांधली. मेविसने माझ्या करंगळीवर कातड्याचा तुकडा चिकटवला. मग घोटा, मग टाच. अकरा वर्षं तो खेळला, आणि त्याचं प्रत्येक मोडणं माझ्या अंगावर चढत गेलं.

एकदा शहरातल्या मोठ्या क्लबने त्याला बोलावून मोजा काढायला लावला.

"हा पाय आहे की बटाट्यांचं पोतं?" तिथल्या साहेबाने विचारलं.

"पोतंच," रेग म्हणाला. "गेल्या महिन्यात तुमचा तो वेगवान गडी यालाच अडखळून पडला."

आणि तो परत आला. कारखान्यात हे ऐकून मला काय वाटलं, ते लाकूड असल्यामुळे दाखवता आलं नाही.

पुढे कारखाना बंद पडला. हजारो साचे आवारात जाळले, त्यात माझा भाऊही गेला. मला मेविसने एप्रनखाली लपवून घरी नेलं. वाऱ्याने दार आपटू नये म्हणून तीस वर्षं मी तिच्या दाराशी पडून होतो. त्याचा मला राग नाही. राग आला तो यंदा.

यंदा रेगचा पाय इतका सुजला, की दुकानातल्या कुठल्याच बुटात जाईना. त्याची मुलगी जॅनिस चाकांची खुर्ची घेऊन आली. तो तिच्यात बसेना, आणि चालता येत नाही म्हणून घराबाहेरही पडेना. शेवटी ती रडवेली होऊन मेविसकडे आली.

"बाबा म्हणतात, खुर्चीत बसून बाजारात गेलो तर मासेवाली माझ्या मांडीवर पिशव्या ठेवील." मग तिची नजर माझ्यावर पडली. "मावशी, ही घाण खरवडून टाका की! पॉलिश केलं तर शोभेला छान दिसेल."

घाण! मला दात असते तर चावलोच असतो.

"त्याला हात लावशील तर बघ," एक्याऐंशी वर्षांची मेविस म्हणाली. "जा, बापाला घेऊन ये."

तिने रेगचा पाय वर्तमानपत्रावर ठेवून पेन्सिलीने आखला, मला त्यावर धरलं आणि आठवं ठिगळ चिकटवलं. मग माझ्यावर बूट शिवला, टाके सरळ पडले. एकच बूट, डावा.

"ते पडले तर?" जॅनिसने विचारलं.

"उठेल. दर शनिवारी दुसरं काय करायचा?"

शुक्रवारी रेग आपल्या पायांनी बाजारात गेला. दोनदा थांबला, तिसऱ्यांदा थांबावं लागलं, कारण मासेवाली त्याला सोडेना.

"एवढा उशीर? चांगला मासा कधीच संपला!"

आता मी मेविसच्या टेबलावर असतो, डिंकाचा वास अजून अंगाला आहे. माझी एकच विनंती आहे: मला घासायला कुणी येऊ नका. नववं ठिगळ घेऊन येणार असाल, तर या. टाचेपाशी जागा आहे.