धुराड्याची भिंत

सोमवारी डॉक्टरांनी वुकोसावाला वॉर्डबाहेर बोलावून सांगितलं, "शुक्रवारी घरी सोडतोय तुमच्या यजमानांना. पण त्यांची छाती बघता घरात लाकडाच्या धुराचा एक कणही चालणार नाही. शेगडी पेटवायचीच नाही. समजलं ना?"

समजलं होतं. पण शेगडी पेटवायची नाही म्हणजे नोव्हेंबर संपता संपता वाल्येवोसारख्या थंड गावात राहायचं कसं, हे डॉक्टर सांगणार नव्हते. शिवाय ती शेगडी साधी नव्हती. हिरव्या टाइल्सची, छताला टेकणारी ती शेगडी तिच्या नवऱ्याने, रादिसावने, स्वतः बांधली होती. तीस वर्षं शेगड्या आणि धुराडी बांधणं हाच त्याचा धंदा. गावात त्याला सगळे 'मिस्त्री' म्हणत. आडनाव कुणाच्या लक्षातही नव्हतं.

चार दिवस होते. वुकोसावा बसमधून उतरली ती घरी न जाता तशीच विजेच्या सामानाच्या मोठ्या दुकानात शिरली. तिथल्या पोराने तिचं बोलणं अर्ध्यावर तोडलं.

"गरम हवेचा एसी घ्या, काकू, चोवीस हजार बीटीयूवाला. सगळ्यात मोठा. अख्खं घर भट्टीसारखं तापेल."

"घर केवढं आहे ते तरी विचार की."

"मोठा घेतला की प्रश्नच मिटला!"

तिला ते पटलं नाही. कापडगिरणीत तिने सव्वीस वर्षं कापडाची ठाणंच्या ठाणं उलगडून दोष शोधले होते. न बघता 'उत्तम' म्हणणाऱ्या माणसावर तिचा विश्वास बसत नसे. घरी आली तर कुंपणाशी शेजारी ल्युबिवोये उभाच. तिने त्याला एसीचं सांगितलं.

"एसी? वेडी आहेस का! वीज गेली की गारठून मराल दोघं. भुशाच्या गोळ्यांची शेगडी घे माझ्यासारखी."

"तुझी काय विजेशिवाय चालते?"

ल्युबिवोये गडबडला. "नाही... पंखा असतो तिला. पण ते वेगळं."

"आणि पंधरा-पंधरा किलोची पोती कोण उचलणार? रादिसाव जिना चढताना तीनदा थांबतो. शिवाय धुराडं लागतं ते लागतंच."

रात्रभर तिला नीट झोप लागली नाही. सकाळी उठली तेव्हा डोकं जड होतं. ते रोजचंच होतं. दोघंही हिवाळ्यात डोकं धरूनच उठत आणि हवेला दोष देत. तिने शेगडीत लाकडं सारली, कॉफी केली, प्यायचं विसरली. मंगळवार असाच गेला. तीन ठिकाणी फोन, तीन वेगळी उत्तरं. एकाने खोल्यांत तेलाचे हीटर ठेवायला सांगितलं, दुसऱ्याने जमिनीखाली नळ्या घालायला. जमीन खणायची, तीही शुक्रवारपर्यंत!

बुधवारी मंडईजवळच्या एसी बसवणाऱ्या लहानशा दुकानातून इस्क्रा आली. तिशीची मुलगी, पाठीवर पिशवी, कानामागे पेन्सिल. वुकोसावाने रीतीप्रमाणे चमचाभर मुरंबा आणि पाणी पुढे केलं. इस्क्राने ते घेतलं, पण बसली नाही.

"मावशी, तुम्ही दिवसभर बसता कुठे?"

"इथेच. स्वयंपाकघर आणि ही खोली."

"झोपायची खोली ही पलीकडची? दार उघडं ठेवता? माळ्यावर काय घातलंय?"

"माळ्यावर? जुने खोके."

"मग आधी माळ्यावर लोकरीच्या गाद्या अंथरायच्या, एक दिवसाचं काम आहे. निम्मी ऊब वरूनच पळतेय. ते झालं की बारा हजारवाला पुरेल. इन्व्हर्टरचा, उणे पंधरालाही गरम हवा देणारा. साधा घेऊ नका, तो उणे पाचलाच हात टेकतो."

"दुकानातला चोवीस म्हणाला."

"चोवीसवाला या खोलीत पाच मिनिटांत तापवून बंद पडेल, पुन्हा चालू, पुन्हा बंद. तुम्हाला कधी घाम, कधी हुडहुडी. आजारी माणसाला ते सोसत नाही."

पहिल्यांदाच कुणीतरी बघून बोलत होतं. वुकोसावा तिच्या मागोमाग घरभर फिरली. एसीचा बाहेरचा डबा ल्युबिवोयेच्या खिडकीसमोर नको, छपराचा बर्फ घसरतो तिथेही नको. खालून गळणारं पाणी वाटेवर गोठेल, म्हणून जमिनीपासून उंच, परसाच्या बाजूला. मग झोपायच्या खोलीत फटी शोधायला इस्क्राने मेणबत्ती पेटवली. खिडकीशी ज्योत हलली. कपाटापाशीही हलली, आणि इस्क्रा थांबली.

"यामागे काय आहे?"

"भिंत. पलीकडे शेगडी. धुराडं याच भिंतीतून वर जातं."

दोघींनी मिळून कपाट सरकवलं. मागचा भिंतीवरचा कागद मधोमध उभा तपकिरी पडला होता, नदीच्या नकाशासारखा. इस्क्राने पिशवीतून मुठीएवढं यंत्र काढून भिंतीजवळ धरलं. ते किंचाळू लागलं.

"मावशी, खिडक्या उघडा. सगळ्या. आत्ता!"

आत्तापर्यंत हळू बोलणारी मुलगी ओरडली तशी वुकोसावा धावली. इस्क्राने निखारे लोखंडी बादलीत भरून अंगणात नेले. मग दोघी थंडीत उभ्या राहिल्या.

"धुराडं आतून तडकलंय," इस्क्रा म्हणाली. "खोलीत विषारी वायू झिरपतोय, कार्बन मोनॉक्साइड, वास नसतो त्याला. तुमचं डोकं दुखतं का?"

वुकोसावाने खिडकीतून आत बघितलं. पलंगाची एक बाजू त्याच भिंतीला होती. रादिसावची बाजू.

"त्याची छाती यानेच बिघडली का?"

"ते मला नाही सांगता येणार. डॉक्टरलाही येईल असं वाटत नाही."

गुरुवारी माळा झाला, एसी बसला. वुकोसावाने भिंतीवर नवा कागद चिकटवला, कपाट जागेवर लोटलं. इस्क्राने ते यंत्र तिच्याकडेच राहू दिलं होतं. तेही तिने खणात दडवलं. रादिसावला सांगायचं नाही, डॉक्टरांनी शेगडी बंद केली एवढंच पुरे, असं तिने ठरवलं. ज्याने आयुष्यभर लोकांची घरं उबदार केली, त्याला असं कसं सांगणार?

शुक्रवारी तो आला. एसीकडे बघून म्हणाला, "हे गुणगुणतंय काय? मधमाश्या पाळल्यास?" पण खोली उबदार होती, ते त्याने हात पसरून मान्य केलं. मग आत गेला, आणि बराच वेळ बाहेर आला नाही.

ती गेली तेव्हा तो पलंगाच्या कडेवर बसला होता. फरशीवर कपाटाच्या पायांचे ओरखडे.

"कपाट का हलवलंस?"

"झाडायला."

"कागद ओला आहे, वुको. डिंकाचा वास येतोय."

तो उठला, कागदाचा कोपरा नखाने सोडवला आणि ओढला. कागदामागच्या चिरेत बोट घातलं. काळं झालेलं बोट बघत राहिला. तिला वाटलं, आता ओरडेल किंवा रडेल. त्याने बोट विजारीला पुसलं.

"हे मी दोन हजार नऊ साली बांधलं ना?"

"सोड ना आता. डॉक्टर म्हणाले, त्रास..."

"नऊ सालीच. त्या वर्षी धुराड्याच्या आत घालायच्या मातीच्या नळ्या स्वस्त मिळाल्या म्हणून गाडीभर आणल्या. त्याच नळ्या मी आणखी अकरा घरांत घातल्यात." त्याचा श्वास वर चढला. "फोन दे."

"उद्या कर."

"आज थंडी नाही का? आज लोक शेगड्या पेटवणार नाहीत का? दे!"

पहिल्या घरी त्याने दोन वाक्यं सांगितली आणि खोकला थांबेना. वुकोसावाने त्याच्या हातातून फोन घेतला. मग तो नावं सांगे आणि ती बोले. "मी मिस्त्रींची बायको. शेगडी विझवा. हो, आत्ता. हो, त्यांचीच चूक आहे, तेच सांगायला सांगतायत." हे वाक्य पहिल्यांदा तिच्या तोंडून निघेना, चौथ्या घराला सरळ निघालं. एकाने शिव्या दिल्या. एक हसला आणि म्हणाला, मिस्त्री म्हातारा झाला. बाकी आठ जणांनी ऐकून घेतलं. अकरावी, टेकडीवर एकटी राहणारी निवृत्त शिक्षिका स्तोयांका, फोन उचलेना.

रादिसाव कोट चढवू लागला. वुकोसावाने अडवलं नाही. खणातलं यंत्र काढलं आणि कुंपणावरून ल्युबिवोयेला हाक मारली. तो चपलांवरच गाडी काढून आला.

टेकडीवरच्या घरातून धूर सरळ वर चालला होता. रादिसावला पायऱ्या चढवेनात. तो गाडीची काच खाली करून बसला. वुकोसावाने दार बडवलं. कितीतरी वेळाने स्तोयांकाने उघडलं. चेहरा लालसर, शाल एका खांद्यावरून लोंबती.

"काय गोंधळ आहे? जरा पडले होते. सकाळपासून डोकं भणभणतंय..."

वुकोसावाने तिला दंडाला धरून पायरीवर ओढलं. यंत्र दारातच किंचाळलं.

"शेगडी विझव, स्तोयांका!" खालून रादिसाव घोगऱ्या आवाजात ओरडला. "मी चुकीच्या नळ्या घातल्यात! माझीच चूक आहे!"

ल्युबिवोये तोंडावर मफलर धरून आत गेला, खिडक्या उघडल्या, निखारे बाहेर काढले. स्तोयांका गाडीत रादिसावशेजारी शाल लपेटून बसली. थोड्या वेळाने ती म्हणाली, "मिस्त्री, मग मी आता घर तापवू कशाने?"

रादिसावने वुकोसावाकडे बघितलं.

"माळ्यावर काय घातलंयस तू?" वुकोसावाने विचारलं.

अकरापैकी चार धुराडी तडकलेली निघाली. ज्याने शिव्या दिल्या होत्या, त्याचं धुराडं धड होतं. जो हसला होता, त्याचं नव्हतं. उरलेल्या हिवाळ्यात रादिसाव त्या चारही घरी जाऊन बसे, इस्क्रा मापं घेत असताना जुनं कुठे काय बांधलंय ते दाखवत. बोलणं त्याला फार जमत नसे. वुकोसावा दर वेळी सोबत जाई, आणि प्रत्येक घरात शिरल्या शिरल्या आधी कपाटांमागे बघे.