विबकेचं शून्य

पडद्यावर विबकेच्या नावापुढे लाल शून्य उमटलं आणि मागून कोणीतरी फिस्सकन हसलं.

विबके बोलताना अडखळते, हे जर्मनीतल्या हुसूम गावच्या शाळेत तिच्या सातवीच्या वर्गाला चांगलं ठाऊक होतं. पण इंग्रजीसाठी यंदा घेतलेल्या अ‍ॅपला कोण सांगणार? टॅब्लेटसमोर वाक्य म्हणायचं. जरा थांबलं की ते पुढच्या मुलाकडे सरकणार, आणि गुण सगळ्यांसमोर झळकणार. पहिला शब्द ओठांवर येईपर्यंत विबकेची पाळी संपलेली असायची.

इंग्रजी शिकवणाऱ्या हार्म्सबाईंचं डोकं फिरलं. मधल्या सुट्टीत त्या तडक मुख्याध्यापक टोनीस यांच्यापुढे उभ्या राहिल्या.

"ती वेळेची मर्यादा काढून टाका."

"ते आपल्या हातात नाही हो, हार्म्सबाई. हवं तर विबकेला बोलण्यातून सूट देऊ."

"वर्गात बसवून पोरीचं तोंड बंद करायचं, याला सूट म्हणता?"

"चिडताय कशाला? पालक खूश आहेत. गुण लगेच दिसतात."

"गुण दिसतात, पोरगी दिसत नाही!" बाईंनी दार आपटलं.

मग त्यांनीच तोड काढली. विबकेला गाठून म्हणाल्या, "तू घरी निवांत रेकॉर्ड कर. मधले थांबे मी कापून टाकते. कोणाला कळायचंसुद्धा नाही."

विबकेचा चेहरा लालबुंद झाला. "का-कापणार? मी तशीच बोलते. तुम्हालाही ते न-नकोच आहे ना?"

आणि ती पाठ फिरवून निघून गेली. बाईंना आधी तिचाच राग आला. एवढं करतेय मी हिच्यासाठी! घरी पोचेपर्यंत तो राग स्वतःवर उलटला होता. तिचं अडखळणं लपवायला त्याही निघाल्या होत्या; टोनीस निदान उघडपणे तरी बोलले होते.

दुसऱ्या दिवशी बाईंनी पडद्याची वायर उपटली. "अ‍ॅप बंद. टॅब्लेटवर नुसतं रेकॉर्ड करायचं, नंतर आपलं आपण ऐकायचं. ज्याला जेवढा वेळ लागेल तेवढा."

विबके उठून टॅब्लेटसमोर उभी राहिली. घरच्या कोळंबीच्या होडीबद्दल इंग्रजीत सांगू लागली. एका शब्दावर ती बराच वेळ अडली, तेव्हा पुन्हा कोणीतरी खिदळलं. बाई उसळून उठणार, तोच विबकेने मागे वळून ठणकावलं, तेही इंग्रजीत, "माझं अजून संपलेलं नाही."

तिचं संपेपर्यंत मग कोणी हूं की चूं केलं नाही.

टोनीसनी वर तक्रार केली. बाईंना लेखी ताकीद मिळाली. पण वायर काही त्यांनी परत लावली नाही. बाकीच्या वर्गांत ते अ‍ॅप अजून चालूच आहे.

विबके अजूनही बाईंशी फटकूनच वागते. इंग्रजीच्या तासाला मात्र हात वर करते, आणि बाई थांबतात.