एकही बुडबुडा नाही

आमच्या दुकानातल्या मोठ्या प्रिंटरचं डोकं चार-दोन दिवस चालवलं नाही, तर शाई आतल्या आत सुकते आणि मशीन गेलंच म्हणून समजायचं. त्यामुळे सण असो, ताप असो, बर्फाने आमच्या काराकोल गावचे रस्ते बंद असोत, कुणीतरी येऊन रंगांची पट्टी छापून काढायचीच. ते कुणीतरी म्हणजे मी. मला ताप आला तर चालतो, मशीनला शिंक येता कामा नये.

बाकी दिवसभर गिऱ्हाईकं. सासऱ्यांच्या साठीचा बॅनर हवा असतो आणि फोटो पाठवतात तो भिंतीवरच्या फोटोचा मोबाईलवर काढलेला फोटो. सासऱ्यांच्या पांढऱ्या टोपीवर ट्यूबलाइट चमकत असते.

"ती ट्यूब तेवढी काढा, तिना-एजे, आणि बाबांना जरा हसवा."

"एरवी हसतात का?"

"कुठलं हो!"

मग मी बसते सासऱ्यांना हसवत. ते झालं की जर्दाळूच्या मुरंब्याची लेबलं, बसचे नंबर, दाराचे 'ढकला' आणि 'ओढा'. कापलेल्या व्हिनाइलच्या अक्षरांच्या पोटातलं नको ते सुईने उचकटत बसायचं. मान मोडून जाते. आणि सगळ्यांना सगळं कालच हवं असतं.

दुकान दोरोनआबांचं. मी नवऱ्याचं घर सोडून तान्ही पोर काखोटीला मारून आले, तेव्हा सख्ख्या भावाने दार उघडायला वेळ लावला. आबांनी काही विचारलं नाही. "पोरी, कातरी धरता येते ना?" एवढंच म्हणाले. ते उपकार मी विसरलेले नाही. विसरता आले असते तर बरं झालं असतं.

आरूके, माझी पोर, दुकानातच शाईच्या वासात खोकत रांगली. शेवटी बहीण म्हणाली, एका हिवाळ्यापुरती बिश्केकला माझ्याकडे दे. त्या हिवाळ्याला उन्हाळा लागलाच नाही. आता आरूके माझ्या बहिणीला 'अपा' म्हणते, आई. आणि मला सगळे म्हणतात तसं 'तिना-एजे', तिनाताई. फोनवर विचारलंन, "तिना-एजे, मी पहिलीत चाललेय. शाळेच्या पहिल्या घंटेला तू येशील ना?"

येईन म्हटलं. नुसती पाहुणी म्हणून नाही, कायमची. तिथल्या एका छापखान्यात काम ठरवलं. शाळा उघडायच्या आदल्या दिवसासाठी माइरामबेकच्या बिश्केकच्या मिनीबसची पुढची सीट सांगून ठेवली. आरूकेच्या वह्यांसाठी स्टिकर केले, नावाशेजारी धावतं शिंगरू. आपल्या हाताने चिकटवणार होते.

राहिलं होतं मशीन. आमचा रिस्बेक शिडीवर चढून बोर्ड लावायचा, त्याला सगळा उन्हाळा हाताशी धरून शिकवलं. पोरगा हुशार निघाला. शेवटी एक सबंध दिवस मी मुद्दाम घरी बसले, म्हटलं, बघू एकट्याला जमतंय का. जमलं. आता आबांना सांगायचं तेवढं बाकी होतं, आणि मी उद्या-उद्या करत राहिले. माझी जीभ गिऱ्हाईकांपुढेच चालते.

जायच्या आदल्या दिवशी सकाळी दुकानात आले, तर दारात कढई. आबांनी मेंढा कापला होता. अर्धा बाजार जमलेला, म्हातारे बाकावर मांडून ठेवलेले. दारावर चादरीने झाकलेलं काहीतरी.

"ये, पोरी, ये!" आबांनी काठीने चादर ओढली.

लाल पाटीवर पांढरी अक्षरं होती, हातभर उंचीची. तिनारा. खाली बारीक, फलक आणि स्टिकर.

"पोरगा मॉस्कोत, तो काही परत येत नाही," आबा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "माझ्या माघारी हे हिचं. नाव आत्तापासूनच हिचं."

रिस्बेक कानाशी आला. "तुम्ही घरी होतात ना, एजे, त्या दिवशीच छापून चिकटवलं. बघा, एकही बुडबुडा नाही."

खरंच नव्हता. मीच शिकवलं होतं.

आबांनी तळहात वर केले. सगळ्यांनी केले. दुकानाला बरकत येवो, हिचा पाय या उंबऱ्यावरून कधी न ढळो, म्हणाले. आत्ताच बोलायला हवं होतं मी. "ओमियिन," सगळे एका आवाजात म्हणाले आणि त्यांनी तोंडावरून हात फिरवले. आणि माझेही हात आपोआप उठले, तोंडावरून फिरले. बारशापासून मयतापर्यंत जन्मभर हेच केलेले हात, मला विचारतात कशाला?

वडीलधाऱ्याचा आशीर्वाद तोंडावर घेतला की घेतला. तो परत करणाऱ्याकडे इथे कुणी चहाही पीत नाही.

"नशीब काढलंस, बाई!" शेजारची मुरंबेवाली मला कवटाळून रडली. मीही रडले. लोकांना वाटलं, आनंद.

जेवणं झाल्यावर आबांना गाठलं. "आबा, उद्या मला बिश्केकला जायचंय. आरूकेकडे. मी तिथेच राहावं म्हणते..."

मयताच्या घरी अचानक हसू फुटावं तसे ते हसले. शेवटचं वाक्य त्यांनी ऐकलं की नाही, देव जाणे. पळी मात्र त्यांनी घाईने उचलली. "रजा माझ्याकडे कसली मागतेस? आता तूच मालकीण! पोरीलाच इकडे आण की. शाई हुंगत मोठी होईल."

ती इथेच खोकायची, हे त्यांनीही ऐकलं होतं. मला इतका राग आला की दात दुखले. पण त्यांच्या हातात रश्श्याचा वाडगा होता, आणि तो ते मला देत होते. मी घेतला.

दुसऱ्या दिवशी माइरामबेकने दारात गाडी लावली. "चला, एजे. सामान कुठंय?"

मी वह्यांच्या स्टिकरचं पाकीट पुढे केलं. "एवढंच. माझी बहीण पोरीला घेऊन स्टँडवर येईल."

"आणि तुम्ही?"

त्याने वर बघितलं, पाटी वाचली, आणि त्याचं तोंड खुललं. "अरे वा! मुबारक हो, एजे! मग कशाला जाताय!" पाकीट त्याने पुढच्या रिकाम्या सीटवर ठेवलं. "पोरीला काय सांगू, कुणी दिलंय?"

'आई' म्हणायला मी तोंड उघडलं.

"तिना-एजेने दिलंय म्हणून सांग," मी म्हटलं.

गाडी गेली. आत रंगांची पट्टी काढायची होती.