अप्पासाहेबांचे कावळे

माझ्या गुप्तहेरगिरीचा बहुतेक भाग म्हणजे लग्नाआधीच्या चौकशा. मुलगा पितो का, मुलीचं आधी कुठे जमलं होतं का, असल्या. त्यामुळे चौऱ्याण्णव सालच्या मार्चमध्ये सकवारबाई माझ्या पुण्याच्या ऑफिसात येऊन "माझ्या भावाचा खून झालाय" म्हणाल्या, तेव्हा मला इतका आनंद झाला, की तो लपवायला टेबलाखाली वाकून पेन शोधावं लागलं.

भाऊ म्हणजे अप्पासाहेब. कित्येक पिढ्यांपूर्वी बंगलोरला जाऊन राहिलेलं हे मराठी घराणं, घर राजाजीनगरात. अप्पासाहेब एका सकाळी गच्चीवरून पडून गेले आणि पोलिसांनी अपघात म्हणून प्रकरण मिटवलं. पण सकवारबाईंकडे पुरावा होता.

"दहाव्याला पिंडाला कावळा शिवला नाही," त्या म्हणाल्या. "घरामागच्याच स्मशानात पिंड ठेवलेला. झाडावर साठ कावळे, आणि दोन तास एकही खाली उतरला नाही. भाचीचं लग्न करून देऊ म्हटलं, घर विकणार नाही म्हटलं. शेवटी दर्भाचा कावळा लावावा लागला. वहिनीनंच ढकललंय त्याला."

असल्या पुराव्याला मी एरवी हसलो असतो. पण ही माझी पहिलीच खुनाची केस. मी गंभीर चेहऱ्यानं वहीत 'कावळे साठ' असं लिहिलं आणि उद्यान एक्सप्रेस पकडली.

वहिनी, म्हणजे वसुमतीबाई, मला काही केल्या खुनी वाटेनात. याचा मला जरा रागच आला. त्यांनी मला कॉफी दिली आणि मी काही विचारायच्या आतच कबुलीजबाबही दिला.

"ढकललं नाही, अण्णा. पण मारलं मीच. डॉक्टरनं तूप-लोणी बंद सांगितलेलं. वर्षभर नाचणीची अंबील देत होते मी. त्या दिवशी म्हणाले, स्वल्प लोणी घाल गं, थोडंच. मी म्हटलं, नको तर नका खाऊ. 'सरी, बरं' म्हणाले, पेला तसाच ठेवून वर गेले. पंधरा मिनिटांत हे असं." त्यांनी पदर डोळ्यांना लावला. "रागानं उडी टाकली त्यांनी. माझ्या घरातून उपाशी गेले. कावळ्यांना कळतं की हे सगळं."

त्या दिवसापासून त्या स्वतःही फक्त अंबिलीवर राहत होत्या. मला फार वाईट वाटलं. अशा वेळी गुप्तहेरानं काय करायचं असतं ते ठाऊक नव्हतं, म्हणून मी गच्ची मोजायचं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला, बरोबर अप्पासाहेब पडले त्या वेळेला, मी वर गेलो. जाताना समोरच्या हॉटेलातून लोणी डोशाचं पार्सल घेतलं, कारण रिकाम्या पोटी मला तपास जमत नाही. गच्चीचा कठडा जेमतेम गुडघ्याएवढा. पाण्याच्या टाकीपाशी बसून केळीचं पान उघडलं आणि मान वर केली, तर कठड्यावर कावळेच कावळे. ओळीनं, मुकाट, पंगतीला बसल्यासारखे. एकानं माझ्या हातातला घास नेला. दुसऱ्याला मी भीतीनं आपण होऊन दिला. तिसऱ्यानं पानच ओढलं. लोण्याचा गोळा जमिनीवर पडला, पान वाचवायला मी उठलो, पाय नेमका लोण्यावर पडला आणि मी कठड्याच्या दिशेनं निघालो.

टाकीचा पाइप हाताला लागला, म्हणून हे आज सांगतोय.

हॉटेलवाला देवाप्पा हातात उलथनं घेऊन धावत वर आला. "साब भी ऐसाच गया, सार," तो धापा टाकत म्हणाला. "साल भर से रोज दो पार्सल. एक साब को, एक कौवे लोगां को."

"मग हे कुणाला सांगितलं का नाहीस?"

"अम्मा को मालूम नक्को होना बोल के साब कसम लिया था."

पोलिस यायच्या आत पानंही त्यानंच उचलली होती. मग मला माझ्या साऱ्या कारकिर्दीतला सर्वांत चांगला प्रश्न सुचला. पानांवर काय उरलं होतं?

देवाप्पानं आठवून सांगितलं, "कौवे का आधा था. साब का एकदम साफ. चाट के."

मी दोन-दोन पायऱ्या उतरत खाली गेलो आणि वसुमतीबाईंना सगळं सांगितलं. वर्षभर लोणी डोशावर पोसलेल्या कावळ्यांपुढे आपण अळणी भाताचा गोळा ठेवला, ते कशाला शिवतील?

त्यांनी पदर तोंडाला लावला. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मी घाबरून पाणी आणायला उठलो, तर त्या हसत होत्या.

"वर्षभर माझ्यासमोर अंबिलीला तोंड वाकडं करत होते. लबाड कुठले," त्या म्हणाल्या. मग थांबून विचारलं, "पान साफ होतं?"

"साफ."

"नक्की?"

"चाटून पुसून, वहिनी."

"मग पोटभर गेले," त्या म्हणाल्या आणि आता मात्र खरंच रडल्या.

जरा वेळानं त्यांनी खिडकीतून देवाप्पाला दोन बोटं दाखवली. एक पार्सल गच्चीवर गेलं. वर नुसता कालवा उठला. दुसरं पार्सल त्यांनी स्वतःपुढे उघडलं. मी सकवारबाईंना करायच्या तारेचा मजकूर जुळवत बसलो, 'खून नाही, लोणी. कावळे शिवले.' मजकूर लिहून मान वर केली, तेव्हा वसुमतीबाई पानावरचं उरलेलं लोणी बोटानं पुसून घेत होत्या.