टोबीवर दावा नको

जवळजवळ तीन वर्षांपूर्वी माझ्या बहिणीने, आर्डिसने, फ्लूची लस घेतली आणि त्याच संध्याकाळपासून तिचा उजवा हात खांद्याच्या वर जाईनासा झाला. ती चर्चमध्ये मुलांना गाणं शिकवते; मुलं त्या हाताकडे बघून गायची. आता ती डाव्या हाताने ताल देते आणि मुलं गोंधळतात.

सुई फार वर, सांध्यात गेली होती. ऑपरेशनशिवाय इलाज नव्हता. आम्ही ज्यांना विचारलं त्या वकिलीणबाई म्हणाल्या होत्या की भरपाई मिळू शकते, पण मुदत संपत आलीय. आर्डिस पुढचं ऐकूनच घेईना. लस टोचली होती गावातल्या औषधाच्या दुकानातल्या टोबीने, तिच्याकडेच गायला शिकलेल्या मुलाने.

"त्याच्या घरी पाळणा हलणार आहे, आणि मी त्याला कोर्टात खेचू?"

आम्हा मिनेसोटाच्या माणसांना तक्रार करणं जमतच नाही. सुरुवातीचे कित्येक महिने तर तिने डॉक्टरलाही "चाललंय बरं" एवढंच सांगितलं.

शेवटी मीच टोबीला बोलावलं. तो गरम हॉटडिश, म्हणजे आमच्याकडचं भट्टीत भाजलेलं बटाटा-मांसाचं जेवण, घेऊन आला.

"बाई, रागावलात का? दुकानाकडे फिरकत नाही तुम्ही."

"छे रे! शेजारच्या गावातल्या दुकानापाशी गाडी लावणं सोपं जातं."

"त्यासाठी एवढ्या लांब?"

मला हसू आलं. आर्डिस ताटल्या काढायला वळली. हात अर्ध्यावरच अडला. टोबीने बघितलं.

"कधीपासून?"

"लसीपासून," मी म्हणाले. आर्डिसने माझ्याकडे डोळे वटारले.

टोबी खुर्चीवर बसला. "तुम्ही बसला होतात, मी उभा होतो. मागे रांग होती. वरूनच टोचली मी."

"म्हणूनच नाही सांगितलं. तुझी नोकरी गेली असती."

"अहो बाई, हा दावा माझ्यावर होतच नाही! सरकारवर होतो. प्रत्येक लसीमागे थोडा कर बाजूला पडतो, तो याचसाठी. चूक कुणाची, हे सिद्धही करावं लागत नाही."

"म्हणजे तुला काहीच होणार नाही?"

"वाईट वाटेल. तेवढं होऊ द्या की."

आर्डिसने डाव्या हाताने त्याचे केस विस्कटले. "आधी जेव. फोन मग करू."

"हॉटडिश परत तापवता येईल, बाई. मुदत गेली की गेली." त्याने वकिलीणबाईंचा नंबर विचारला, फोन लावला आणि तिच्या कानाशी धरून उभा राहिला.